तळ्यातला ॲलिगेटर आणि सासूबाईंची पोळी

वाचकाचे पत्र

गेल्या ऑक्टोबरमध्ये आम्ही फ्लोरिडातल्या टँपाजवळच्या एका वसाहतीत घर घेतले. वसाहत चार वर्षांपूर्वीच बांधलेली आहे. घरामागे हिरवळ आहे आणि हिरवळीच्या टोकाला तळे आहे. त्या तळ्यासाठी आम्ही थोडे जास्त पैसेही मोजले. फेब्रुवारीपासून तळ्यात एक ॲलिगेटर, म्हणजे मगरीचाच इथला भाऊबंद, दिसू लागला. यांच्या अंदाजाने तो सात फुटांचा असावा. मागच्या आठवड्यात, म्हणजे एप्रिलच्या सुरुवातीला, सकाळी सात वाजता तो आमच्या पॅटिओच्या जाळीपासून पंधरा-वीस पावलांवर पडलेला होता.

माझे सासू-सासरे सहा महिन्यांसाठी सांगली जिल्ह्यातून आले आहेत. सासरे म्हणतात, कृष्णाकाठी मगरींच्या सोबतीने आमचा जन्म गेला, याला काय घाबरायचे! हे म्हणतात की फ्लोरिडात प्रत्येक तळ्यात एक असतोच. सासूबाई संध्याकाळी उरलेली पोळी आणि भात मासे-बदकांना घालायला काठावर जातात. त्या गेल्या की तो पलीकडच्या काठावरून पोहत अलीकडे येतो आणि त्या त्याला हात जोडतात. आमची मुलगी पाच वर्षांची आहे, शिवाय घरात एक छोटा शिट्झू कुत्रा आहे. मला रात्री झोप लागत नाही. शेजारीण म्हणते की एक फोन केला की ट्रॅपर, म्हणजे ॲलिगेटर पकडणारा माणूस, येऊन त्याला घेऊन जातो. पण पुढे त्याला मारतात हे कळल्यापासून सासूबाई म्हणतात की गंगेच्या वाहनाची हत्या आपल्या घराकडून नको. मी घाबरट आहे का? फोन करावा का? आणि मुलगी रोज विचारते की तो रात्री कुठे झोपतो. तिला काय सांगू?

— तळ्याकाठची सून

उत्तर

प्रिय ताई,

तुमचे पत्र वाचताना तो हिरवळीवर आला होता त्या प्रसंगापाशी मी फारशी थांबले नाही. मी थांबले ती दुसऱ्याच वाक्यापाशी, जे तुम्ही जाता जाता लिहून गेला आहात: सासूबाई काठावर गेल्या की तो पोहत अलीकडे येतो. रानटी ॲलिगेटर माणूस दिसला की पाण्यात सरकतो, बुडी मारतो, फार तर जागच्या जागी थांबून पाहत राहतो. माणसाची चाहूल लागल्यावर जो लांब जाण्याऐवजी जवळ येतो, त्याला माणूस म्हणजे खाणे हे गणित कोणीतरी शिकवलेले असते. तेव्हा तुम्ही घाबरट नाही, फोन करायला हवा आणि तो उद्यावर ढकलू नये, हे आधी सांगून टाकते. तोपर्यंत घरातल्या कोणीही, म्हणजे सासऱ्यांनीही, पाण्याच्या कडेला जाऊ नये.

आता थोडे सविस्तर लिहिते, कारण नुसते ‘फोन करा’ एवढ्याने तुमच्या घरातले तीन मतभेद मिटणार नाहीत.

तुमच्या यजमानांचे म्हणणे चुकीचे नाही, पण अपुरे आहे. फ्लोरिडात सुमारे तेरा लाख ॲलिगेटर आहेत आणि राज्याच्या सर्व म्हणजे ६७ काउंट्यांत ते आढळतात. एके काळी कातड्यासाठी झालेल्या शिकारीमुळे त्यांची इतकी वाताहत झाली होती की १९६७ मध्ये अमेरिकेच्या केंद्र सरकारने त्यांची नोंद नष्टप्राय प्राण्यांत केली. त्यानंतर संरक्षण मिळाले, संख्या वाढत गेली आणि १९८७ मध्ये ही जात पूर्णपणे सावरल्याचे जाहीर झाले. याच काळात माणसांची वस्तीही वाढली. तुमच्या घरामागचे तळे हे बहुधा निसर्गाने केलेले तळे नाही. वसाहत बांधताना पावसाचे पाणी साठवण्यासाठी खणावा लागणारा तो रिटेन्शन पॉन्ड आहे. बिल्डरच्या भाषेत त्याला ‘लेक व्ह्यू’ म्हणतात आणि आपण त्याचे वेगळे पैसे देतो. ॲलिगेटरला मात्र हा भाषेतला फरक कळत नाही. गोडे पाणी, त्यात मासे आणि कासवे, ऊन खायला उतरता काठ एवढे मिळाले की त्याच्या दृष्टीने घर तयार असते. ही तळी पाइपांनी, नाल्यांनी एकमेकांना जोडलेली असतात, आणि जिथे जोडलेली नसतात तिथे तो चालत जातो.

शिवाय एक हिशेब तुमच्या घरातल्यांना सांगून पाहा. ॲलिगेटर सावकाश वाढतो. सात फुटांचा व्हायला नराला साधारण आठ ते बारा वर्षे लागतात आणि मादीला दहा ते पंधरा. तुमची वसाहत चार वर्षांची आहे. म्हणजे यांचा अंदाज बरोबर असेल तर तो प्राणी त्या परिसरात तुमच्या आधीपासून आहे, आणि पाहुणे कोण हा प्रश्न थोडा अवघड होतो. अर्थात अंदाज बरोबर असेल तर. भीतीच्या डोळ्यांना दोन फूट जास्तच दिसतात. फोनवर काढलेला फोटो मोठा करून पाहावा. डोळ्यांपासून नाकपुड्यांपर्यंतचे अंतर जितके इंच, तितके फूट त्याची लांबी, असा एक ढोबळ आडाखा इथले लोक वापरतात आणि तो बऱ्यापैकी जुळतो. शेजारी पडलेल्या सोडा कॅनची किंवा स्प्रिंकलरची मदत घेतली तर इंच मोजता येतात. जवळ जाऊन मोजण्याचा मोह मात्र यांना होऊ देऊ नका.

सकाळी सात वाजता तो हिरवळीवर का आला, हेही यातच आले. ॲलिगेटर थंड रक्ताचा प्राणी आहे. हवा साधारण २१ अंश सेल्सिअसच्या खाली गेली की तो खाणे थांबवतो आणि १३ अंशांच्या खाली सुस्त पडून राहतो. त्याला सर्वांत मानवते ते २८ ते ३३ अंशांचे तापमान. त्यामुळे हिवाळ्यात तळे रिकामे वाटते आणि फेब्रुवारी-मार्चपासून ‘अचानक’ ॲलिगेटर दिसू लागतात. त्यात एप्रिलमध्ये त्यांचे प्रियाराधन सुरू होते आणि मे-जूनमध्ये मीलन होते. या दिवसांत मोठे नर मादीच्या शोधात एका तळ्यातून दुसऱ्या तळ्यात जातात, लहानांना हुसकावून लावतात, आणि मग ते गॅरेजच्या दारात, तरणतलावात, रस्त्याच्या मधोमध सापडतात. आमच्याच घरी एका मे महिन्यात सकाळी गाडीखालून असा फूत्कार आला की कुकरची शिटी व्हायच्या आधी वाफ सुटते त्याची मला आठवण झाली, आणि मी गाडीतून काही गळते आहे की काय म्हणून वाकून पाहिले. साडेपाच फुटांचा होता. मी किल्ल्या तिथेच टाकून घरात पळाले. त्या दिवशी कामावर उशिरा पोहोचले आणि त्याचे खरे कारण कोणालाही पटले नाही. तो तासाभराने स्वतःच निघून गेला, म्हणून मी कोणालाही फोन केला नाही, आणि आजही मला तो निर्णय बरोबर वाटतो. वाटेने जाणारा प्राणी आणि वाट पाहणारा प्राणी यांत फरक आहे. तुमचा दुसऱ्या प्रकारचा आहे.

आता पोळीकडे येते, कारण मूळ तिथे आहे. सासूबाई म्हणतील की मी मगरीला कधी काही घातलेच नाही, मासे-बदकांना घातले. ते खरेच आहे. पण पाण्यात भात पडला की त्यावर मासे जमतात, माशांमागे कासवे येतात, कडेला बदके गोळा होतात, आणि हे सगळे रोज ठरलेल्या वेळी, ठरलेल्या जागी घडते. ॲलिगेटरला एवढा हिशेब सहज येतो. काठावर पावलांचा आवाज, पाण्यात काहीतरी पडल्याचा आवाज आणि मग खाणे, अशी साखळी त्याच्या डोक्यात पक्की बसते, आणि एकदा बसली की पाऊल कोणाचे आणि पाण्यात काय पडले याची तो चौकशी करीत बसत नाही. मुलीचा चेंडू पाण्यात पडला तरी आवाज तोच होतो. फ्लोरिडात रानटी ॲलिगेटरला खाऊ घालणे हा कायद्याने गुन्हा आहे, आणि बोटीच्या धक्क्यावर मासे साफ करून आतडी पाण्यात टाकू नका, ती कचऱ्याच्या डब्यात टाका, असे सांगितले जाते तेही याच कारणाने. निर्माल्य पाण्यात सोडण्याची सवय असेल तर तीही आजपासून थांबवा. फुलांचे काही नाही, पण नारळाचे तुकडे, प्रसाद, भिजलेले तांदूळ यांचे तेच होते जे भाताचे होते.

हे सासूबाईंना कसे सांगायचे, यावर मी जरा विचार केला. ‘तुमच्यामुळे झाले’ या सुरात सांगाल तर त्या दुखावतील आणि पुढचे सहा महिने कोणी काही ऐकणार नाही. अन्न टाकून द्यायचे नाही, मुक्या जिवाला घालायचे, या संस्कारात त्या वाढल्या. तो संस्कार चुकीचा नाही, इथल्या पाण्याला तो लागू पडत नाही एवढेच. शक्य असेल तर हे तुम्ही सांगू नका, यांना सांगू द्या. आईने मुलाचे ऐकणे आणि सासूने सुनेचे ऐकणे यांत अजूनही अंतर आहे, ते तुम्ही-आम्ही कितीही नाकारले तरी. आणि पोळ्यांचे काय करायचे याचे उत्तरही सोबत द्या. फोडणीची पोळी करा, फ्रीझ करा, पण बॅकयार्डात उघड्यावर ठेवू नका; रॅकून आणि बदके तिथेही जमतात, आणि त्यांच्यामागे काय येते ते आता आपल्याला ठाऊक आहे.

पापाचा प्रश्न मी टाळणार नाही, कारण तो प्रामाणिक आहे. राज्याच्या मासे व वन्यजीव आयोगाची, ज्याला इथे सगळे एफडब्ल्यूसी म्हणतात, उपद्रवी ॲलिगेटरांसाठी एक योजना आहे. प्राणी किमान चार फुटांचा असेल आणि माणसाला, पाळीव प्राण्याला किंवा मालमत्तेला त्याच्यापासून धोका वाटत असेल, तर ८६६-३९२-४२८६ या क्रमांकावर फोन करायचा. मग आयोगाने नेमलेला ट्रॅपर येतो आणि त्यासाठी आपल्याला पैसे द्यावे लागत नाहीत. ट्रॅपरची मुख्य कमाई कातडे आणि मांस यांच्या विक्रीतून होते, म्हणजे बहुतेक वेळा त्या प्राण्याला मारलेच जाते. क्वचित एखादा जिवंतपणी ॲलिगेटर फार्मला किंवा प्रदर्शनाला विकला जातो. शेजारणीने हे तुमच्यापासून लपवले नाही, ते बरे केले. सांगलीत वनखाते मगर पकडून दुसरीकडे नेऊन सोडते, मग इथे का नाही, असे सासरे नक्की विचारतील. कारण असे की दूर सोडलेला ॲलिगेटर पुष्कळदा जिथून उचलला तिथेच परत यायला निघतो, वाटेत रस्ते आणि वस्त्या ओलांडतो, आणि जिथे सोडावा तिथे आधीच दुसरे ॲलिगेटर असतात. मगर ही भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, तिची संख्या मोजकी आहे. इथे तेरा लाख आहेत. दोन्हीकडचे नियम वेगळे आहेत ते या आकड्यांमुळे.

तेव्हा सासूबाईंना मी एवढेच म्हणेन की गंगेच्या वाहनाला हात जोडायला हरकत नाही, पण हात जोडावेत ते खिडकीतून. गोव्यात फोंडा तालुक्यात पौष अमावास्येला ‘माणगे थापणी’ नावाचा विधी होतो. माणगे म्हणजे मगर. कुंभारजुव्याच्या खाडीकाठी राहणारे, खारफुटीत आणि शेताच्या बांधावर रोज काम करणारे लोक चिखलाची मगर थापतात आणि तिची पूजा करतात. खऱ्या मगरी त्याच खाडीत शेजारी असतात, पण त्यांना कोणी रोज संध्याकाळी नैवेद्य घेऊन जात नाही. ज्यांना मगरीशेजारी पिढ्यान्‌पिढ्या राहायचे असते त्यांची भक्ती अशी अंतर राखून असते. आणि या प्राण्याचा जीव वाचवायची वेळ पहिली पोळी पाण्यात पडली तेव्हा होती. आता फोन न करून तो वाचणार नाही, कारण उद्या त्याने कोणाच्या कुत्र्याला ओढले तर त्याच तळ्यावर ट्रॅपर येईलच, आणि तेव्हा त्याच्या आसपासचे आणखी दोन-चार उचलले जातील. मला हे लिहिताना बरे वाटत नाही, पण दुसरे काही लिहिणे खोटे ठरेल.

तुमच्या सासऱ्यांचे म्हणणे मला सर्वांत रस वाटण्याजोगे वाटले. भिलवडी, औदुंबर, अंकलखोप या पट्ट्यातल्या माणसाने मगरीला घाबरत नाही म्हणावे, यात फुशारकी थोडी आणि अनुभव जास्त असतो. पण त्यांना एक विचारा: घाटावर कोणत्या वेळी उतरायचे नाही, कोणत्या डोहाजवळ म्हशी न्यायच्या नाहीत, मगर अंडी घालते त्या दिवसांत कोणत्या मळीकडे जायचे नाही, हे त्यांना कोणी शिकवले होते? कृष्णाकाठची माणसे मगरीला घाबरत नाहीत कारण ती तिला ओळखतात, आणि तरीही त्या काठावर माणसे आणि मुले मगरीच्या तोंडी गेलेली आहेत, हे सासऱ्यांना तुमच्या-माझ्यापेक्षा अधिक ठाऊक असणार. इथले तळे, इथला प्राणी आणि इथले ऋतू ते अजून ओळखत नाहीत. त्यांची मगर उन्हाळ्याच्या तोंडाशी वाळूत खड्डा करून अंडी घालते आणि पावसाच्या सुमारास पिल्ले बाहेर येतात. ॲलिगेटरची मादी जूनअखेरीस गवत-पाल्याचा ढीग रचते, त्या कुजणाऱ्या ढिगाच्या उबेत तीस-चाळीस अंडी उबवते, आणि ऑगस्टच्या मध्यापासून सप्टेंबरच्या सुरुवातीपर्यंत वीतभर लांबीची पिवळ्या पट्ट्यांची पिल्ले बाहेर पडतात. तो ढीग राखायला ती जवळच असते. तळ्याकाठी असा ढीग दिसला तर माळ्याने टाकलेला कचरा समजून कोणी काठी घालू नये. आपली मगर आणि ॲलिगेटर दिसायला पुष्कळ सारखे आहेत, दोघांचेही तोंड रुंद असते. पण ॲलिगेटरने जबडा मिटला की खालचे दात दिसेनासे होतात आणि मगरीचा खालचा चौथा दात बाहेर दिसत राहतो. सासऱ्यांना दुर्बीण आणून द्या आणि हे तपासायला सांगा. स्वभावाने आपली मगर ॲलिगेटरपेक्षा जास्त आक्रमक मानली जाते, हे ऐकून त्यांना थोडा अभिमानही वाटेल. एकदा त्यांच्याकडे पाहण्याचे काम आले की मग ‘काही घाबरण्यासारखे नाही’ हे वाक्य आपोआप कमी होईल, असा माझा अनुभव आहे. माझ्या वडिलांच्या बाबतीत झाले होते.

यांना एक आकडा द्या, म्हणजे वादात त्यांची बाजूही राहील. फ्लोरिडातल्या रहिवाशाला, त्याने डिवचले नसताना, ॲलिगेटरकडून गंभीर इजा होण्याची शक्यता साधारण ३१ लाखांत एक आहे, असे आयोग सांगतो. तो आकडा खरा आहे, पण तो सर्व रहिवाशांवर वाटलेला आहे. त्यात मायामीतल्या विसाव्या मजल्यावर राहणारी माणसेही आली. ज्या घरामागे खाऊ मिळण्याची सवय झालेला प्राणी आहे, पाच वर्षांचे मूल आहे आणि छोटा कुत्रा आहे, त्या घराला तो आकडा जसाच्या तसा लावता येत नाही. जून २०१६ मध्ये ऑरलँडोजवळच्या एका रिसॉर्टमधील कृत्रिम तळ्याच्या काठी रात्री नऊच्या सुमारास दोन वर्षांच्या मुलाला ॲलिगेटरने ओढून नेले. पोहू नका अशी पाटी तिथे होती, ॲलिगेटरचा उल्लेख मात्र नव्हता. फेब्रुवारी २०२३ मध्ये फोर्ट पियर्स येथे कुत्र्याला फिरवायला घेऊन तळ्याकाठी गेलेल्या ८५ वर्षांच्या वृद्धेचा बळी गेला; तो प्राणी दहा फुटांहून लांब होता. अशा घटना मोजक्याच आहेत. पण पाण्याची कड, लहान मूल, कुत्रा, अंधार पडतानाची वेळ, या गोष्टी त्यांत पुन्हा पुन्हा दिसतात, आणि तुमच्या पत्रात यांतल्या जवळजवळ सगळ्या आहेत.

तेव्हा कुत्र्यापासून सुरुवात करा. शिट्झू म्हणजे ॲलिगेटरच्या नेहमीच्या भक्ष्याच्या मापाचा प्राणी. त्याला साखळीशिवाय मागच्या दाराने सोडू नका आणि फिरवायला पुढच्या रस्त्याने न्या, लांब पडले तरी. ॲलिगेटर संध्याकाळपासून पहाटेपर्यंत सर्वांत जास्त हालचाल करतो, म्हणून त्या वेळेत मागच्या हिरवळीवर कोणी नको. मुलीला ‘पाण्याजवळ जाऊ नको’ एवढे सांगून चालत नाही, तिला एक रेघ हवी असते. एखादे झाड किंवा रंगवलेला दगड दाखवा आणि त्यापलीकडे मोठे माणूस असल्याशिवाय पाऊल नाही असे ठरवा. पुढेमागे कुंपण घालायचे ठरवले तर साडेचार फुटांहून कमी उंचीचे घालू नका, कारण तो कुंपणावर चढू शकतो, आणि पॅटिओची जाळी हे कुंपण नव्हे. ती डासांसाठी असते. कधी अचानक समोर आला तर साठ फूट अंतर ठेवा. त्याने तोंड उघडून फूत्कार केला तर समजा की तुम्ही फार जवळ गेला आहात, आणि सावकाश मागे सरा. तो अंगावर आलाच तर सरळ रेषेत पळा. नागमोडी पळावे असे जे सांगतात त्यात तथ्य नाही. जमिनीवर तो थोडेसेच अंतर वेगाने येतो आणि वळणे घेत बसल्याने आपलाच वेळ जातो. पकड बसलीच तर स्वस्थ न राहता आरडाओरडा करायचा आणि डोळ्यांवर, थोबाडावर जमेल तसे मारायचे, कारण भक्ष्य झुंज देते आहे असे दिसले की तो कधी कधी सोडतो. चावा लहान दिसला तरी दवाखान्यात जायचे. त्याच्या तोंडातल्या जंतूंनी जखम चिघळते.

फोन करताना काय सांगायचे ते आधी लिहून ठेवा: लांबीचा अंदाज, कोणत्या तारखेला तो घरापासून किती अंतरावर होता, घरात लहान मूल आणि कुत्रा आहे, आणि तो माणसाकडे पोहत येतो. शेवटचे वाक्य गाळू नका. सासूबाईंचे नाव पुढे येईल या संकोचाने बऱ्याच घरांत तेच गाळले जाते, आणि मग पलीकडच्या माणसाला हा नुसता ऊन खाणारा ॲलिगेटर वाटतो. तळे वसाहतीच्या मालकीचे असेल, आणि बहुधा असतेच, तर ट्रॅपरला आत येण्यासाठी एचओएची, म्हणजे वसाहतीतल्या घरमालकांच्या संघटनेची, परवानगी लागेल. म्हणून त्याच दिवशी एचओएलाही ई-मेल करा आणि काठावर खाऊ न घालण्याची पाटी लावण्याची मागणी त्यातच घाला, कारण तळ्याभोवती घरे पुष्कळ आहेत आणि ब्रेड टाकणाऱ्या आज्या सर्व देशांच्या असतात. स्वतः पकडायचा, हुसकावायचा, दगड मारायचा प्रयत्न कोणी करू नये. परवान्याशिवाय ॲलिगेटरला मारणे किंवा पकडणे हाही गुन्हाच आहे. आणि एक तयारी मनाची ठेवा: हा गेला तरी पाणी तेच राहील, आणि पुढच्या वसंतात दुसरा येऊ शकतो. तो आला आणि पलीकडच्या काठावर पडून राहिला, तुम्हाला पाहून पाण्यात शिरला, तर त्याला राहू द्या. त्याच्यासाठी फोन करू नका.

राहता राहिला मुलीचा प्रश्न, तो रात्री कुठे झोपतो? तिला खरे सांगा की रात्री तो बहुधा झोपतच नाही. त्याची झोप दिवसाची, उन्हात पडून. थंडीत तो काठाच्या मातीत खणलेल्या बिळात राहतो. तिला विश्वास बसणार नाही. मग आजोबांना सांगा, वरच्या मजल्याच्या खिडकीत तिला कडेवर घ्या, घरातले दिवे मालवा आणि मोठा टॉर्च आपल्या डोळ्यांच्या रेषेत धरून सावकाश पाण्यावरून फिरवा. तो तिथे असेल तर त्याचे डोळे विस्तवासारखे लाल चमकतात. ट्रॅपर येऊन गेल्यानंतरही आठवडाभर रोज रात्री एकदा असे पाहा, आणि किती दिसले ते तिला वहीत लिहून ठेवू द्या.